प्रश्न तुमचे : फर्माने काय सिद्ध केलं, काय नुसतं म्हटलं

मागच्या अंकात पिएर द फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणित्यावर एक पान छापलं होतं. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता, तो शेवटी घेतला आहे. वाचताना कॅल्क्युलेटर जवळ असू द्या. मात्र तो दहा आकडे दाखवणारा हवा. हिशेबाला वापरतात तो आठ आकडी इथे अपुरा पडेल.

फर्माचं जन्मवर्ष कुठे १६०१ दिसतं, कुठे १६०७. अंकशास्त्राप्रमाणे मूलांक काढायचा आहे. खरी तारीख कोणती? (नौपाडा, ठाणे)

तारीखच हाती नाही, तेव्हा मूलांक निघणार नाही. दक्षिण फ्रान्समधल्या बोमाँ-द-लोमान्य या गावी ऑगस्ट १६०१ मध्ये एका पिएर फर्माचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे आणि बराच काळ तोच आपला फर्मा समजला गेला. पण ते मूल त्याच्या वडिलांच्या पहिल्या बायकोचं, म्हणजे याच नावाचा सावत्र भाऊ. आपला फर्मा १२ जानेवारी १६६५ रोजी वारला आणि त्याच्या स्मृतिशिलेवर वय ५७ कोरलं होतं. त्यावरून जन्म १६०७च्या अखेरीचा धरतात. वडील चामड्याचे सधन व्यापारी होते.

शब्दांचंही एकदा सांगून टाकू. अंकशास्त्र म्हणजे मूलांक-भाग्यांक, संख्याशास्त्र म्हणजे सरासरी आणि नमुना-पाहणी. फर्माचा विषय या दोन्हींपेक्षा वेगळा, त्याला संख्या सिद्धांत म्हणतात. पूर्ण संख्यांना कशाने भाग जातो, त्यांचे वर्ग-घन एकमेकांत कसे बसतात, हा तो विषय. आणि नावातला शेवटचा ‘ट’ उच्चारत नाहीत, म्हणून फर्मॅट नाही, फर्मा.

पूर्णवेळ सरकारी नोकरी करून एवढं गणित कसं केलं? आणि पुस्तक का नाही लिहिलं? (नेरूळ, निवृत्त बँक अधिकारी)

१६३१ मध्ये तुलूझच्या पार्लमाँमध्ये तो सल्लागार झाला. नावावरून संसद वाटते, पण ते न्यायालय होतं, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे असं पद पैसे मोजून घ्यावं लागे. पद मिळाल्यावर नावात ‘द’ आला. १६५३च्या प्लेगमध्ये त्याच्या मृत्यूची बातमीही पसरली, ती खोटी ठरली. गणित उरल्या वेळातलं, आणि ते जवळजवळ सगळं पत्रांतून. पॅरिसमध्ये मारँ मेर्सेन नावाचा धर्मगुरू गणित्यांचं टपाल इकडचं तिकडे करायचा, त्याच्यामार्फत फर्माचे दावे फ्रेनिक्ल, रोबेर्व्हाल, देकार्त यांच्यापर्यंत पोचत.

पत्रात दावा असायचा, सिद्धता नसायची. ‘तुम्हीच करून बघा’ असा थाट. समोरच्यांना याचा मनस्ताप होई आणि तो रास्त होता. हयातीत त्याच्या नावावर गणिताचं एकही पुस्तक निघालं नाही. डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणित्याच्या ‘अरिथमेटिका’ची बाशेने १६२१ मध्ये काढलेली लॅटिन आवृत्ती त्याच्याजवळ होती, तिच्या समासात तो टिपणं लिही. मुलाने, क्लेमाँ-साम्युएलने, अशी ४८ टिपणं मूळ ग्रंथासह १६७० मध्ये छापली. टिपणं असलेली मूळ प्रत पुढे हरवली. म्हणून फर्माचं कुठलंही वाक्य वाचताना तीन खण मनात ठेवावेत: त्याने सिद्ध केलेलं, नुसतं म्हटलेलं, आणि चुकीचं म्हटलेलं. तिसऱ्या खणात फार थोडं आहे, पण आहे.

अवयव पाडायची फर्माची रीत सविस्तर द्या. आमचा पिनकोड ४००६०३ त्या रीतीने फोडायला बसलो, तासभर गेला तरी काही निघेना. (कोपरी, ठाणे पूर्व)

रीत बरोबर आहे, संख्या चुकीची निवडली. आधी रीत बघू.

कुठलीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. संख्या अ × ब असेल, तर अ आणि ब यांच्या सरासरीचा वर्ग, वजा त्यांच्या फरकाच्या निम्म्याचा वर्ग, बरोबर ती संख्या. म्हणून संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची आणि उरलेली बाकी वर्गसंख्या आहे का ते पाहायचं. नसेल तर पूर्णांक एकाने वाढवायचा.

१६४३ च्या पत्रात फर्माने स्वतः घेतलेलं उदाहरण २०२७६५१२८१ चं आहे. याचं वर्गमूळ ४५०२९ आणि वर थोडं, म्हणून सुरुवात ४५०३० पासून. त्याचा वर्ग २०२७७००९००, बाकी ४९६१९. इथून पुढे वर्ग करत बसायचं नाही, खरी मेहनत इथेच वाचते. पुढची बाकी काढायला आधीच्या बाकीत ४५०३० ची दुप्पट अधिक एक, म्हणजे ९००६१ मिळवायचे. त्यापुढे ९००६३, मग ९००६५, दर वेळी मिळवायचा आकडा दोनने वाढतो. बाक्या अशा येतात:

४९६१९, १३९६८०, २२९७४३, ३१९८०८, ४०९८७५, ४९९९४४, ५९००१५, ६८००८८, ७७०१६३, ८६०२४०, ९५०३१९, १०४०४००.

प्रत्येकाचं वर्गमूळ काढू नका. वर्गसंख्येचे शेवटचे दोन अंक ठरावीक असतात. एकक १, ४ किंवा ९ असेल तर दशक समच असतं. एकक ६ असेल तर दशक विषम. पाचने संपत असेल तर २५, शून्याने संपत असेल तर ००. दुसरं कुठलं एकक वर्गसंख्येला नसतंच. या चाळणीतून वरच्या बारांपैकी दहा खाली पडतात. ४९९९४४ वर टिकते, पण ७०७ चा वर्ग ४९९८४९ आणि ७०८ चा ५०१२६४, तेव्हा तीही गेली. शेवटची १०४०४०० म्हणजे १०२० चा वर्ग. बारावी पायरी, म्हणजे पूर्णांक ४५०४१. अवयव ४५०४१ − १०२० = ४४०२१ आणि ४५०४१ + १०२० = ४६०६१. मूळ संख्यांनी एकेक करून भागत गेलो असतो तर साडेचार हजारांहून जास्त भागाकार करून ४४०२१ पर्यंत पोचलो असतो.

आता तुमचा पिनकोड. ही रीत जलद चालते ती दोन अवयव एकमेकांजवळ, म्हणजे दोघेही वर्गमूळाच्या आसपास असतील तेव्हाच. ४००६०३ = ७ × १५१ × ३७९. याच्या अवयवांची सर्वांत जवळची जोडी ३७९ आणि १०५७, त्यांची सरासरी ७१८. सुरुवात ६३३ पासून, म्हणजे ८६ पायऱ्या, आणि मध्ये एक बेरीज चुकली की पुढचं सगळं चुकतं. दर दहा पायऱ्यांनी एकदा वर्ग थेट काढून ताळा घ्यावा. तुमचं गणित बहुधा असंच कुठेतरी घसरलं असावं. उलट साध्या भागाकारात ३ आणि ५ झाल्यावर तिसऱ्याच खेपेला ७ सापडतो. ७ काढून घेतल्यावर उरलेल्या ५७२२९ ला फर्माची रीत लावा: २४० पासून २६५ पर्यंत २६ पायऱ्या, बाकी १२९९६, म्हणजे ११४ चा वर्ग. २६५ − ११४ = १५१, २६५ + ११४ = ३७९.

त्यामुळे हाताने करताना आधी पन्नासपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घ्यावं आणि मगच ही रीत लावावी. संख्या समच असेल तर दोन आधी काढलेच पाहिजेत. चारने भागून दोन उरणारी संख्या, म्हणजे ३० सारखी, दोन वर्गांची वजाबाकी कधीच होत नाही, तिच्यावर ही रीत जन्मभर चालू राहील.

एक युक्ती मात्र फार कामाची आहे. अवयवांचं गुणोत्तर साधारण तिप्पट असेल असा संशय आला तर संख्येला तीनने गुणून बघावं. २५८१ वर थेट रीत लावली तर नऊ पायऱ्या लागतात. तीनने गुणलं की ७७४३, पहिलाच पूर्णांक ८८, त्याचा वर्ग ७७४४, बाकी १. म्हणजे ७७४३ = ८७ × ८९. आता ८७ आणि २५८१ यांचा मसावि काढा, तो २९ येतो, आणि २५८१ = २९ × ८९.

हे सगळं केवळ कागदावरचं नाही. इंटरनेटवरचं बरंच कुलूपबंद संभाषण दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभं असतं. त्या दोन संख्या निवडताना आळस केला, एक घेतली आणि दुसरी तिच्या लगेच पुढची घेतली, तर शेकडो अंकी गुणाकारही फर्माच्या रीतीने काही पायऱ्यांत फुटतो. २०२२ मध्ये काही प्रिंटरांनी तयार केलेल्या किल्ल्या नेमक्या याच चुकीमुळे उघड्या पडल्या.

फर्मा कधी चुकला का? (कळवा)

हो, आणि चांगलाच. दोनचा घात घ्यायचा, घातांक पुन्हा दोनचाच घात, आणि एक मिळवायचा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढच्याही साऱ्या मूळच असणार असा त्याचा ठाम समज होता. सिद्धता हाती नाही हे त्याने कबूलही केलं होतं. सहावी संख्या ४२९४९६७२९७. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणित्याने दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे.

चटका लावणारी गोष्ट वेगळीच. हा अवयव सापडेल कुठे, ते फर्माच्या स्वतःच्याच प्रमेयातून कळतं (ते प्रमेय पुढच्या उत्तरात आहे). या संख्येचा मूळ विभाजक ६४ ने भागल्यावर १ बाकी ठेवणाराच असला पाहिजे. म्हणजे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढंच. पाचवा भागाकार आणि काम संपलं. तोंडी ताळा हवा असेल तर: ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा. ६४१ ने भागताना पहिल्यावरून ५ × (२चा ७वा घात) ची बाकी −१, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. चौथा घात घ्या: ६२५ × (२चा २८वा घात) म्हणजे १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवा, की २चा ३२वा घात −१ निघतो, आणि त्यात एक मिळवला की बाकी शून्य. पाचच्या पुढे अशी मूळ संख्या आजवर एकही मिळालेली नाही.

कॉलेजसाठी मूळ संख्या ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे २चा (न−१)वा घात न ने भागून बाकी १ आली की ‘मूळ’ असं छापतो. ३४१ ला मूळ म्हणतोय. चूक कुठे? (ऐरोली)

प्रोग्रॅमात चूक नाही, प्रमेय उलटं वाचलंय. १८ ऑक्टोबर १६४० च्या फ्रेनिक्लला लिहिलेल्या पत्रात फर्मा सांगतो ते असं: न मूळ असेल आणि अ ला त्याने भाग जात नसेल, तर अ च्या (न−१)व्या घातातून एक वजा केल्यावर न ने भाग जातो. ‘मूळ असेल तर बाकी १’ एवढंच. ‘बाकी १ आली तर मूळ’ असं तो म्हणालेला नाही. (सिद्धता फार लांबेल म्हणून पाठवत नाही, हेही त्याच पत्रात. छापील सिद्धता पुढे ऑयलरची, १७३६ ची.) बाकी १ सोडून दुसरी काही आली तर मात्र संख्या नक्की संयुक्त, ही दिशा पक्की.

३४१ = ११ × ३१. २चा १०वा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १. म्हणजे दहाव्या घातालाच बाकी १ येते, मग ३४०व्याला येणारच. दोनऐवजी तीन घेतलेत तर बाकी ५६ येते आणि बिंग फुटतं. पण अनेक पाये घेऊनही सुटका नाही. ५६१ = ३ × ११ × १७ ही संख्या, ज्याचा तिच्याशी सामाईक अवयव नाही अशा प्रत्येक पायाला फसवते. कारण २, १० आणि १६ या तिन्हींनी ५६० ला भाग जातो. अशा संख्यांना कार्मायकेल संख्या म्हणतात आणि त्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं.

दुरुस्ती छोटी आहे. न−१ मधून दोन जितके निघतील तितके काढा आणि खालच्या घातापासून वर्ग करत वर या. ३४० = ४ × ८५. २च्या ८५व्या घाताची बाकी ३२. तिचा वर्ग १०२४, बाकी १. मूळ संख्येच्या बाबतीत ज्याचा वर्ग १ बाकी देतो असे आकडे दोनच, १ आणि −१. इथे ३२ आला, म्हणजे ३४१ मूळ नाही. वर बक्षीस म्हणून ३२ − १ आणि ३२ + १ यांचा ३४१ शी मसावि काढलात तर ३१ आणि ११ हातात पडतात. ५६१ ला २ हाच पाया घेऊन ३५व्या घातापासून वर आलात तर २६३, १६६, ६७, १ अशा बाक्या येतात. ६७ ने घात केला, मूळ नाही. या चाचणीला मिलर-राबिन म्हणतात.

आणखी एक, जे विद्यार्थी नेहमी विसरतात. घात आधी पूर्ण काढून मग भागू नका. २चा ३४०वा घात शंभरहून जास्त अंकी आहे. साध्या पूर्णांकात मावत नाही, दशांश प्रकारात ठेवलात तर शेवटचे अंक उडतात आणि बाकी भलतीच येते. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी घ्यायची.

फर्माने युरोपला घातलेलं कोडं भास्कराचार्यांनी पाचशे वर्षं आधी सोडवलं होतं असं वर्गात सांगते. मुलं पायऱ्या विचारतात. (वाशी, शिक्षिका)

सांगता ते खरं आहे, आणि पायऱ्या फळ्यावर मावतात.

१६५७ मध्ये फर्माने विचारलं: दिलेल्या संख्येला एखाद्या वर्गाने गुणून एक मिळवला तर पुन्हा वर्ग येईल असा वर्ग शोधा. फ्रेनिक्लला लिहिताना ‘फार त्रास नको’ अशा सुरात त्याने ६१ आणि १०९ सुचवल्या. हा शुद्ध खट्याळपणा. ६० घेतली असती तर ६० × १६ + १ = ९६१ = ३१ चा वर्ग, मिनिटाचं काम. ६२ घेतली तर ६२ × ६४ + १ = ३९६९ = ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर दहा अंकी आहे, आणि १०९ ला पंधरा अंकी. इंग्लंडमधून ब्राउंकरने रीत काढली. ऑयलरच्या गफलतीमुळे समीकरणाला नाव मात्र पेल या दुसऱ्याच इंग्रज गणित्याचं लागलं.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, नेमकी ६१ हीच संख्या उदाहरण म्हणून आहे. रीत चक्रवाल. तिचा पाया ब्रह्मगुप्ताची भावना, इ.स. ६२८ मधली. भावना म्हणजे दोन उत्तरं जोडून तिसरं काढणं. पहिलं (अ, ब) आणि दुसरं (क, ड) असेल, तर नवं मोठं पद अक + ६१बड, नवं लहान पद अड + बक, आणि दोघांच्या क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. क्षेप म्हणजे मोठ्या पदाच्या वर्गातून ६१ पट लहान पदाचा वर्ग वजा केल्यावर उरतं ते. आपल्याला क्षेप १ हवा.

सुरुवात: ८ चा वर्ग ६४, वजा ६१ = ३. म्हणजे (८, १), क्षेप ३. आता असा आकडा म शोधा की ८ + १ × म ला ३ ने भाग जाईल आणि म चा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. म = ७ चालतो: ८ + ७ = १५, आणि ४९ − ६१ = −१२. इथेच मुलं चुकतात. ६१ च्या सर्वांत जवळ ६४ आहे म्हणून ८ घेतात, पण ८ + ८ = १६ ला तीनने भाग जात नाही आणि अपूर्णांक सुरू होतात. भाग जाण्याची अट आधी, जवळ असण्याची नंतर.

नवं मोठं पद (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९. नवं लहान पद १५ ÷ ३ = ५. नवा क्षेप −१२ ÷ ३ = −४. ताळा: १५२१ − १५२५ = −४.

क्षेप −४ आला की चक्र थांबवून ब्रह्मगुप्ताचा आडमार्ग घेता येतो. दोन्ही पदं निम्मी करा: (३९/२, ५/२), क्षेप −१. स्वतःशीच भावना करा: (१५२३/२, १९५/२), क्षेप १. क्षेप हवा तो आला, पण पदं अपूर्णांक आहेत. म्हणून आधीच्या (३९/२, ५/२) शी पुन्हा भावना: (२९७१८, ३८०५), क्षेप −१. आता पूर्णांक मिळाले. शेवटची भावना स्वतःशी: मोठं पद १७६६३१९०४९, लहान पद २२६१५३९८०, क्षेप १. झालं.

मुलांना हेही सांगा की फर्माला यातलं काही माहीत असण्याचा संभव नव्हता. ‘बीजगणिता’चं कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर १८१७ चं. आणि अभिमानाबरोबर हिशेबही चोख ठेवावा: चक्रवाल भास्कराचार्यांच्याही आधीपासून चालत आलेली रीत आहे, जयदेव नावाच्या गणित्याच्या नावावर तिचे श्लोक मिळतात. वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येला उत्तर असतंच ही सिद्धता मात्र अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. सहलीचा विचार असेल तर चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवलेला शिलालेख आहे.

दोन वर्गांची बेरीज होणाऱ्या मूळ संख्या झटकन कशा ओळखायच्या? (घोडबंदर रोड, इयत्ता नववी)

चारने भागा. बाकी १ असेल तर होते, ३ असेल तर होत नाही. २ = १ + १ हा एकटा वेगळा. ‘होत नाही’ हा भाग तू स्वतः सिद्ध करू शकतोस किंवा शकतेस: वर्गाला चारने भागल्यावर बाकी ० किंवा १ येते, मग दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २, तीन कधीच नाही. ‘होतेच’ हा भाग अवघड. २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात फर्माने तो मेर्सेनला कळवला, सिद्धता ऑयलरने १७४० च्या दशकाअखेरीस केली. १६५७ ही मूळ आहे आणि बाकी १: ३६ चा वर्ग १२९६, १९ चा ३६१, बेरीज १६५७. पहिल्या प्रश्नातली दोन्ही सालं मूळ संख्याच आहेत. १६०१ = ४० चा वर्ग + १. १६०७ ची बाकी ३, तिथे काही जमायचं नाही.

शेवटच्या प्रमेयाची सिद्धता फर्माकडे खरोखर होती का? (अनेक वाचक) माझी अर्ध्या पानाची सिद्धता सोबत जोडली आहे, तपासावी. (खारघर)

प्रमेय असं: वर्ग दोन वर्गांत फोडता येतो, पण घन दोन घनांत, चौथा घात दोन चौथ्या घातांत, आणि पुढे कुठलाच घात तसा फोडता येत नाही. डायोफँटसच्या दुसऱ्या भागातल्या आठव्या उदाहरणाशेजारी, बहुधा १६३७ च्या सुमारास, त्याने हे लिहिलं आणि सिद्धतेला समास अपुरा असल्याचं नमूद केलं.

आमच्या मते सिद्धता नव्हती. नंतरच्या पत्रांत तो घन आणि चौथा घात एवढ्यांचीच आव्हानं देतो, सर्व घातांचा दावा पुन्हा कुठेच करत नाही. तरुणपणी काहीतरी सुचलं, पुढे त्यातलं छिद्र दिसलं, आणि खासगी प्रतीतली ओळ खोडायचं कारण पडलं नाही. चौथ्या घाताची सिद्धता मात्र त्याची आहे. पूर्णांक बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ वर्गसंख्या असू शकत नाही हे त्याने दाखवलं, आणि चौथा घात त्यातूनच पडतो. असा त्रिकोण असला तर त्याहून लहान निघतो, त्याहून लहान, आणि पूर्णांकांत ही उतरण अनंत चालू शकत नाही. गंमत अशी की ही सिद्धता त्याच पुस्तकाच्या समासात मावली.

घनाची बाजू ऑयलरने हाताळली, पाचव्या घाताची दिरिक्ले आणि लजाँद्र यांनी १८२५ मध्ये, सातव्याची लामेने १८३९ मध्ये. १८४७ मध्ये लामेने सर्व घातांची सिद्धता जाहीर केली आणि ती पडली, कारण त्याने वापरलेल्या नव्या प्रकारच्या संख्यांत अवयव एकाच रीतीने पडतात हे गृहीत धरलं होतं, आणि ते खरं नव्हतं. अँड्र्यू वाइल्सने जून १९९३ मध्ये केंब्रिजला सिद्धता मांडली, तीतही भोक निघालं. रिचर्ड टेलरच्या साथीने ते सप्टेंबर १९९४ मध्ये बुजलं आणि १९९५ मध्ये ती छापून आली. त्यातली साधनं विसाव्या शतकातली आहेत.

आता खारघरचं अर्धं पान. अशा कागदाची पहिली तपासणी नेहमी एकच: घाताच्या जागी २ ठेवून सारा युक्तिवाद पुन्हा वाचायचा. तो तसाच चालत असेल तर ३, ४, ५ चा त्रिकोणही अशक्य ठरेल, म्हणजे कुठेतरी चूक आहे. तुमच्या पहिल्या दोन ओळी ठीक आहेत: मोठ्या घातातून एक घात वजा करून त्याचे दोन अवयव पाडले, एक म्हणजे दोन संख्यांचा फरक, दुसरा उरलेला लांब कंस. तिसऱ्या ओळीत म्हटलंय की गुणाकार पूर्ण घात आहे, म्हणून दोन्ही अवयव स्वतंत्रपणे पूर्ण घात असलेच पाहिजेत. ते दोघांत सामाईक विभाजक नसेल तरच खरं. इथे मूळ संख्यांत सामाईक विभाजक नसला तरी फरक आणि लांब कंस यांच्यात घातांकाचा एखादा विभाजक सामाईक असू शकतो. २ ठेवून बघा: ५ चा वर्ग वजा ४ चा वर्ग = १ × ९, दोन्ही वर्ग, ओळ टिकली. पण ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग = २ × ८. गुणाकार १६, वर्ग आहे. २ वर्ग नाही, ८ वर्ग नाही.